बसथांब्यावरची बाई

३ नोव्हेंबर

आज सूप पिता पिता यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, मिठाचं गाऱ्हाणं. डॉक्टरांनीच तोडलंय, मी तरी काय करू? तर म्हणाले, "तिचा हात गार होता बघ."

कुणाचा ते विचारायची सोय नाही. या घरात सध्या 'ती' म्हणजे एकच बाई, आणि ती मी नव्हे.

लिहूनच काढते एकदा, म्हणजे पोटातलं कागदावर जाईल. गेल्या महिन्यात, दुपारी बरं वाटेना म्हणून हे ऑफिसातून लवकर निघाले आणि बसथांब्यावर कोसळले. हृदयाचा झटका. थांब्यावर माणसं पुष्कळ होती, पण पुढे झाली ती एक बाई. कोण, कुठली, कुणाला ठाऊक नाही. गळ्यातला स्कार्फ काढून तिनं यांच्या डोक्याखाली दिला, खाली फुटपाथवर बसून हात धरला, अॅम्ब्युलन्समधून हॉस्पिटलपर्यंत गेली, यांच्याच फोनवरून मला मेसेज करून कळवलं — आणि मी पोचले तेव्हा निघूनही गेली होती. मी त्या वेळी कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत होते.

डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर... मी ऋणी आहे त्या बाईची. हे लिहिताना पेन अडखळलेलं नाही. पण ऋणी असणं वेगळं आणि उठता-बसता तिची आरती ऐकणं वेगळं.

४ नोव्हेंबर

"डोळे मिटू नका, माझ्याकडे बघा," असं म्हणत होती म्हणे. सारखं म्हणत होती म्हणे.

एकतीस वर्षं मी दुसरं काय म्हणतेय?

६ नोव्हेंबर

हॉस्पिटलातून यांचे कपडे, बूट, पाकीट एका पिशवीत घालून दिले होते. त्यात तो स्कार्फ पण आला. निळसर, बारीक पांढरे ठिपके. माल साधाच, पण कडा हातानं दुमडून शिवलेल्या, टाके एकसारखे. मला आधी तेच दिसलं. धंद्याची खोड.

फुटपाथची माती लागली होती म्हणून धुऊन वाळत घातला. खिडकीतून यांनी पाहिला.

"धुतलास?"

"मग? तसाच ठेवू?"

"हं."

हे 'हं' मला चांगलं कळतं. विचारलं मी, "का, वास गेला की काय तिचा?" म्हणाले, "काहीतरीच असतं तुझं." पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तावन्नाव्या वर्षी!

इस्त्री करून कपाटात वर ठेवलाय. स्टुलावर चढल्याशिवाय यांचा हात पोचत नाही, आणि चढायला डॉक्टरांची बंदी आहे.

९ नोव्हेंबर

वन्सं आल्या होत्या भावाला बघायला. सफरचंद कापत म्हणाल्या, "देवासारखी धावून आली हो ती बाई. वेळेला आपलं माणूस कुठे असतं? परकंच उभं राहतं." आणि माझ्याकडे बघितलं.

आपलं माणूस पोटासाठी पँटी कापत होतं, वन्सं. तोंडावर आलं होतं, गिळलं. इथे लिहिते.

लेकीचा फोन आला रात्री. तिला सांगितलं तर हसायला लागली. "आई, तू जळतेस."

"कुणावर? जिचं तोंडही पाहिलं नाही तिच्यावर?"

"हो, तिच्यावरच."

म्हटलं, तुझं काम नाही का काही? ठेव फोन.

१० नोव्हेंबर

लेक म्हणाली ते डोक्यातून जात नाही. तोंड पाहिलं नाही हीच तर पंचाईत आहे. म्हणून मीच तिला तोंड दिलंय. लांब मान, मऊ आवाज, डोक्यात एक पांढरा केस नाही. आणि दर दिवशी ती एकेका वर्षानं लहान होते. काल पस्तिशीची होती.

माझा आवाज कसा आहे? कधी लक्षच दिलं नाही. मशीनच्या घरघरीवरून बोलायची सवय, त्यामुळे चढाच असणार. आज जेवायला हाक मारताना मुद्दाम हळू मारली. यांना ऐकूच आली नाही.

१२ नोव्हेंबर

आज एक नवीनच कळलं. औषधाच्या गोळ्या देत होते, तर हे म्हणाले, "मी तिच्याशी काहीतरी बोललो त्या दिवशी. बरंच बोललो. काय ते आठवत नाही."

"मग नसेल तेवढं महत्त्वाचं."

"नाही गं. महत्त्वाचंच होतं काहीतरी."

गोळी घेतली आणि पाठ करून झोपले. मी तिथेच उभी, हातात पाण्याचा पेला.

बरंच बोलले! हे! यांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे, गॅस बंद केलास का, चावी घेतलीस का, आणि पेपर कुठाय. आमचं लग्न ठरलं तेव्हा आईनं सांगितलं होतं, मुलगा अबोल आहे, पण भांडखोर नाही. ते मी पदरात घेतलं. माणूसच तसा, म्हणून कधी मागितलं नाही. आता कळतं, की बोलता येत होतं. फक्त ऐकणारी दुसरी लागत होती. आपल्याकडे म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही.

काय बोलले असतील? माणूस मरायला टेकला की खरं बोलतो म्हणतात.

१५ नोव्हेंबर

दोन दिवस हे टेबलाशी बसून आहेत. पाणीखात्यात आयुष्यभर नकाशे काढले, अक्षर म्हणजे छापल्यासारखं. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं, पट्टी लावून: 'गेल्या महिन्यात या थांब्यावर एका गृहस्थांना झटका आला असता ज्या बाईंनी त्यांचा जीव वाचवला, त्यांनी कृपा करून खालील क्रमांकावर कळवावं. त्यांना भेटायची फार इच्छा आहे.' 'फार' हा शब्द नंतर घातलेला. जागा कमी पडली म्हणून पहिला कागद फाडून दुसरा केला.

माझ्या वाढदिवसाला जे पाकीट मिळतं त्यावर नाव नसतं, काही नसतं.

"उद्या दुकानात जाताना थांब्यावर चिकटवशील?" म्हणाले. जिना उतरायची अजून परवानगी नाही. चिकटपट्टीसुद्धा स्वतः कापून दिली.

१६ नोव्हेंबर

गेले होते चिकटवायला. खरंच चिकटवणार होते.

थांब्याला लागून पेपरवाल्याची टपरी आहे. कागद वाचून तो म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांच्या घरच्या? कसे आहेत काका?" मग सगळं सांगत बसला. त्यानं स्वतः पाण्याची बाटली दिली होती, पैसे घेतले नाहीत. कॉलेजची दोन पोरं रस्त्यात उभी राहून गाड्या वळवत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तोंडावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरली, त्यांची बस आली आणि गेली तरी हलले नाहीत. इतकी माणसं मदतीला आली होती हे मला ठाऊकच नव्हतं. यांच्या गोष्टीत तर एकटी तीच असते.

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"ती ना? ती पलीकडच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात असते. रोज माझ्याकडून पेपर नेते. चिठ्ठी कशाला लावता, जाऊनच या."

इतकं सोपं. पाच मिनिटांवर.

मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. संध्याकाळी यांनी विचारलं, "लावलास?" म्हटलं, "लावला."

१७ नोव्हेंबर

फोन वाजला की हे मान वर करतात. आज गॅसवाल्याचा होता. मग लेकीचा.

१९ नोव्हेंबर

"पावसानं निघाला नसेल ना कागद?" पाऊस कुठाय, म्हटलं.

"मग कुणी फाडला असेल. तू जाता-येता बघतेस ना?"

बघते, म्हटलं. खोटं बोलायला सुरुवातीला घसा कोरडा पडतो, मग पडत नाही.

त्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन आले. आत गेले नाही. तिचं तोंड बघितलं की मग ते कायमचं डोळ्यांपुढे राहणार. आणि तिनं सांगितलं, काय बोलले ते, की मग तेही राहणार. आत्ता निदान मला माहीत नाही एवढं तरी माझ्या हातात आहे.

२१ नोव्हेंबर

हे आता फोनकडे बघत नाहीत. जेवण अर्धं टाकतात. दुपारी खिडकीशी बसून राहतात म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. "काका गप्प झालेत हो."

गप्पच होते हो ते आधीपासून, मी म्हटलं. पण ते गप्प आणि हे गप्प एक नाही, एवढं मला कळतं.

२४ नोव्हेंबर

हे आत्ता झोपले, म्हणून लिहिते.

संध्याकाळी दुकानातून आले तर हे जिन्यात, मधल्या पायरीवर, भिंतीला टेकून. तोंड पांढरंफटक. खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेला माणूस, ज्याच्याशी आमची साधी ओळखही नाही, तो शेजारी बसला होता. घरातली खुर्ची आणून ठेवली होती त्यानं, पण यांना तिच्यावर उठून बसता येत नव्हतं, म्हणून तोही पायरीवरच बसला. वारा घालत होता, कसल्याशा पुठ्ठ्यानं.

"कुठे गेला होतात?"

"थांब्यावर. कागद दिसला नाही. म्हटलं, दुसरा लावावा." खिशातून घडी काढून दाखवली. नवीन लिहिलेला.

त्या माणसानं आणि मी दोघांनी मिळून वर आणलं. डॉक्टर येऊन गेले. धोका नाही म्हणाले, पण असं पुन्हा झालं तर जबाबदारी घेणार नाही. मला म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

कुठे असतं ते मलाच ठाऊक.

ज्या माणसाला एका परक्या बाईनं वाचवलं, त्याला मी घरात बसून मारायला निघाले होते. उद्या जाते. काय व्हायचं ते होऊ दे.

२६ नोव्हेंबर

काल जमलं नाही, यांना सोडून हलता येईना. आज दुपारच्या सुट्टीत गेले. पिशवीत स्कार्फ.

दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना आरसे, जिकडे बघावं तिकडे मीच. ठरवून गेले होते की पहिलं वाक्य आभाराचं बोलायचं. काउंटरमागून आवाज आला, "या, बसा. डोळे तपासायचेत?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हो."

आता तिच्याबद्दल. माझ्याच वयाची. कदाचित दोन वर्षांनी मोठी. केस अर्धे पांढरे, विरळ, मागे घट्ट बांधलेले. चष्मा बाटलीच्या बुडासारखा. लांब मान वगैरे काही नाही. मला इतकं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची लगेच लाजही वाटली.

तिनं मला खुर्चीत बसवून ती काचा बदलायची जड फ्रेम नाकावर चढवली. कानामागे बसवताना बोटं लागली. गार. मी दचकले.

"हात गार असतात माझे, माफ करा. लहानपणापासूनचे." मग काच बदलली. "हे बरं दिसतं, की हे?"

"हे... नाही, आधीचं."

"काय काम करता?"

"शिवते. चौकातल्या कपड्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत. सुईत दोरा जात नाही हल्ली."

"मग जवळचं नीटच दिसायला हवं तुम्हाला. घाई नको. चुकलं तरी चालतं, परीक्षा थोडीच आहे?"

आवाज मऊ नाही. घोगराच आहे. पण आपल्यासाठी हिला सगळा दिवस मोकळा आहे असं वाटायला लावणारा. मला रडू येईल की काय असं झालं. माझ्याशी असं कोण बोललंय शेवटचं? तेव्हाच पिशवीतून स्कार्फ काढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं ओळखला. कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "कसे आहेत ते?"

"बरे आहेत. मी त्यांची बायको."

ती तिथल्या स्टुलावर बसली. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. म्हणाली, "रोज वाटायचं, हॉस्पिटलात जाऊन विचारावं. पण कोण म्हणून विचारू?"

"थांबला का नाहीत त्या दिवशी?"

"तुम्ही येताना दिसलात. एक चप्पल पायात, एक हातात. पट्टा तुटला होता बहुतेक. म्हटलं, यांचं माणूस आलं, आता आपण निघावं."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, चपलेचं. तिनं ते पाहिलं होतं आणि जपून ठेवलं होतं. तेव्हा मला ती आवडली. खरंच आवडली. म्हणून सहज विचारलं, "पण अॅम्ब्युलन्समध्ये परक्या माणसाला बसवून घेतात?"

"नाही घेत. मी बायको म्हणून बसले."

कुणी पाण्याचा पेला पुढे करावा तसं सांगितलं तिनं.

"बायको म्हणून?"

"हो. म्हणजे झालं असं की —"

पुढचं मी ऐकलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. ती जड फ्रेम नाकावरून काढली, काउंटरवर ठेवली आणि चालू लागले. "अहो ताई," म्हणून तिनं मागून हाक मारली. दुकानात पोचून मशीनवर बसले तेव्हा लक्षात आलं, आभार मानायचे राहिलेच.

हे म्हणाले, "आज उशीर झाला?" म्हटलं, काम होतं.

२७ नोव्हेंबर

बायको म्हणून.

ही जागा मी कशी मिळवली ते मला माहीत. सासूचं आजारपण, लेकीचं शिक्षण, यांचं अबोलपण, सगळं त्यात आलं. आणि ही एका दुपारी गाडीत चढली आणि बसली त्या जागेवर!

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मग काय उतरायला हवं होतं का तिनं? बाबांना एकटं सोडून?"

मला ठाऊक आहे गं ते. मला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून होतंय, तेच तर.

यांना अजून काही सांगितलेलं नाही. दिवसभर झोपूनच होते.

२८ नोव्हेंबर

ती आज दुकानात आली. दुपारी, मी डबा उघडत होते तेव्हा. खोलीच्या दारातच उभी राहिली. म्हणाली, "परवा तुम्ही पुढचं ऐकलंच नाहीत. तेवढं सांगते आणि जाते."

म्हणाली, मी बायको आहे असं मी म्हटलंच नाही. गाडीवाल्यानं विचारलं, या कोण? तर तेच म्हणाले, ही माझी. पडल्यापासून मला तुम्हीच समजत होते. तुमच्या नावानं हाक मारत होते. आधी मी सांगितलं, अहो, मी ती नाही. तर उठायला बघायला लागले, तुम्हाला शोधायला. म्हणून पुढच्या हाकेला मी ओ दिली.

घरात यांनी मला नावानं हाक मारली त्याला किती वर्षं झाली, मला आठवतसुद्धा नाही.

"काय बोलत होते?" मी विचारलं.

"एकच. जेवलीस का? पुन्हा पुन्हा तेच. शेवटी मी म्हटलं, हो, जेवले. तेव्हा कुठे शांत झाले." मग म्हणाली, "तुमच्या वतीनं खोटं बोलले मी. जेवला होतात का हो त्या दिवशी?"

नव्हते.

तिला आत बोलावलं. दुसरं स्टूल ओढलं, अर्धा डबा झाकणात काढून तिच्यापुढे ठेवला. उद्या तिला घरी घेऊन जाणार आहे. यांना भेटू दे, मानू दे काय मानायचे ते आभार. पण काय बोलले होते ते यांना सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ते माझं आहे.